लोकेशची मूठ

श्रावणात घरी बसणाऱ्या कानबाईदेवीच्या रोटांचा गहू घ्यायचा म्हणजे हात कोरडा हवा आणि डोकं थंड. सुनंदाबाईचा हात कोरडा होता. डोकं तर ती लग्न होऊन असोद्यात आली तेव्हापासून कधी थंड नव्हतंच, त्यामुळं त्याची चौकशी कोणी करत नसे.

घरात जेवढी पुरुषमाणसं तेवढ्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा, तोच दळायचा, त्याचेच प्रसादाचे जाड रोट करायचे. माणूस पुण्याला असो की दुबईला, त्याची मूठ घरीच पडते. पोरींची पडत नाही, त्या पुढं दुसऱ्या घरच्या कानबाईच्या. आणि पडलेली मूठ बंद होते ती दोनच कारणांनी. माणूस मेला तर, नाहीतर दत्तक जाऊन दुसऱ्याच्या भाऊबंदकीत गेला तर. तिसरं कारण सुनंदाबाईनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

म्हणून गहू घ्यायच्या आधी धुळ्याला सुनेला फोन लावायचा तो नुसती रीत म्हणून. फोन तिनं गव्हाच्या पोत्यावर ठेवला, आवाज मोठा केला आणि सूप पुढं ओढलं.

"चारू, गहू घेऊ राह्यली मी. हितेंद्र, लोकेश न तुझा धाकटा. तिघांचा धरते."

तिकडं कुकरची शिट्टी झाली.

"आई," चारुलता म्हणाली, "लोकेशची राहू द्या या वर्षी."

"काय राहू द्या?"

"मूठ."

आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलेना. मुलाला, हितेंद्रला लावला तर तो बंदच.

सुनंदाबाईचा हात सुपातच राहिला. लोकेश तिच्या थोरल्याचा, लीलाधरचा एकुलता पोरगा. केळीच्या बागेत मोटर चालू करायला गेला तो लीलाधर विजेचा झटका बसून तिथंच पडला, तेव्हा लोकेश पाळण्यातून नुकता बाहेर आला होता. पुढं लोकेशच्या आईनं, प्रमिलानं, पारोळ्याच्या एका ट्रॅक्टर मेकॅनिकशी दुसरं लग्न केलं. त्या दिवशी सुनंदाबाईनं पोरगं ठेवून घेतलं आणि सुनेला दार दाखवलं. या जूनमध्ये चांगल्या शाळेसाठी म्हणून त्याला काका-काकूकडं धुळ्याला पाठवला. चौथीत होता. पंधरा ऑगस्टच्या भाषणाचा सराव फोनवर आजीला ऐकवायचा. तो काही दत्तक गेला नव्हता.

मग राहिलं काय?

तिनं सूप तसंच झाकून ठेवलं, नेसत्या लुगड्यावर पिशवी उचलली आणि जाऊबाईला ओट्यावरून ओरडून सांगितलं, "धुळ्याले जाऊ राह्यली. कोनी इचारलं तं सांग, पोराची आठवन आली."

"कानबाई उद्यावर आली न तुम्ही कुठी चालल्या?"

"कानबाईलेच इचारायले चालली," ती म्हणाली. जाऊबाईला काही कळलं नाही. तिला स्वतःलाही कळलं नव्हतं.

जळगावहून धुळ्याची बस मिळाली. खिडकीशी बसून ती मनात शब्द लावत होती. चारुलताला काय काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, तिच्या माहेराचा उद्धार कुठं करायचा. एरवी हे तिला लावावं लागत नसे, आपोआप यायचं. आज मात्र प्रत्येक वाक्य अर्ध्यात येऊन थांबायचं, कारण पुढं विचारायचं ते विचारता येत नव्हतं. कपाशीची शेतं मागं पळत होती, एरंडोल गेलं, पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली, एक बाई पेरू घेऊन चढली आणि सुनंदाबाईला विचारू लागली, "अक्का, कोठे चालन्यात?" सुनंदाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की ती बिचारी मागच्या सीटवर जाऊन बसली.

धुळ्याच्या देवपुरात हितेंद्रचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार धाकट्यानं उघडलं. तो चार वर्षांचा. आजीला बघून त्यानं आधी तिच्या पिशवीत हात घातला आणि मग म्हणाला, "लोकेशदादा सुटीवर गेलाय."

"कोनत्या सुटीवर?"

"मम्मीनं सांगितलं."

चारुलता आतून आली. डोळे सुजलेले, केस तसेच. सासू दिसल्यावर तिनं पदर डोक्यावर घ्यायचं नाटकही केलं नाही, सरळ खाली बसली.

"पोऱ्या कुठी हाये?" सुनंदाबाईनं विचारलं.

"सोनगीरला. मित्राकडे."

"शेजारची बाई जिन्यात भेटली. ती म्हने तापानं झोपलाय."

"ते शाळेला सांगितलंय."

"न धाकट्याले सांगितलं सुटीवर. मले सांगितलं मूठ राहू द्या. इतक्या ठिकानी एकच पोऱ्या कसा काय जातो, मले बी सांग."

मग चारुलताचा बांध फुटला. गुरुवारी सकाळी लोकेश शाळेत म्हणून निघाला तो शाळेत पोचलाच नाही. शाळेचा फोन आला तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं की ताप आहे. वाटलं, कुठं खेळत बसला असेल, दुपारी येईल, कशाला बोभाटा. दुपारी आला नाही. संध्याकाळी हितेंद्र गाडी घेऊन निघाला. सगळे मित्र झाले, क्लासवाले झाले, एका पोरानं सांगितलं की लोकेश सोनगीरचा किल्ला बघायचा म्हणत होता, म्हणून हितेंद्र काल हायवेनं सोनगीरला जाऊन आला, आज पुन्हा गेलाय.

"न पोलीस?"

चारुलता धाकट्याचा शर्ट नीट करू लागली.

"पोलिसात सांगितलं की नाही?"

"ह्यांच्या ऑफिसात कोणीतरी म्हटलं, चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस लिहून घेत नाहीत. म्हणून थांबलो."

"मग चोवीस तास झाले न."

"झाले. मग आता जाऊन काय सांगायचं? पहिला प्रश्न विचारतील, इतका वेळ काय केलं. शाळेला खोटं का सांगितलं. पोरगं आमचं नाही, जावेचं आहे. म्हणतील, काकूनंच काही केलं असेल." तिनं नाक पुसलं. "आणि तुम्ही."

"मी काय?"

"तुम्ही काय म्हणाल, हे धरूनच ह्यांनी तोंड उघडलं नाही, आई. म्हणाले, पोलिसाच्या आधी आईला सांगावं लागेल. आणि आईला सांगायचं तर आधी पोरगं सापडू दे."

सुनंदाबाईला वाटलं, आता बोलायला हवं. तिनं तोंड उघडलं. आत काही सापडलं नाही. ही पहिलीच वेळ. भिंतीवर लोकेशचा फोटो होता, शाळेच्या टायवाला, कान बाहेर आलेले, अगदी लीलाधरसारखे.

"मग मूठ कायले बंद केली?" तिनं हळूच विचारलं.

"बंद नाही केली हो! पण कानबाईपुढं खोटं कसं बोलू? आहे म्हणू की नाही म्हणू? मला काहीच माहीत नाही. नसलेल्याची मूठ घेतली तर त्याचं वाईट होईल, असं वाटलं. असलेल्याची नाही घेतली तर त्याहून वाईट. शाळेला खोटं बोलले, शेजाऱ्यांना बोलले. तिथं नाही बोलता आलं."

तेवढ्यात हितेंद्र आला. धुळीनं माखलेला, हातात हेल्मेट. आईला पाहून तो दारातच उभा राहिला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण परीक्षेत नापास झाल्यासारखा.

"आई, मी सांगणारच होतो."

"चाल," सुनंदाबाई म्हणाली.

"कुठं?"

"ठान्यात. चप्पल काढू नको."

"आई, आधी वकिलाला विचारू. माझा एक मित्र आहे..."

"हितेंद्र, तुझ्या मित्रांनी पुरे केलं. एकानं चोवीस तास सांगितले, आता दुसरा काय सांगेल, चोवीस महिने? चाल म्हटलं न."

"नाव जाईल आई आपलं. पेपरात येईल."

सुनंदाबाईला नावाची किती चाड, हे साऱ्या असोद्याला ठाऊक. नावासाठी तिनं सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. ती क्षणभर थांबली खरी. मग जिना उतरू लागली.

ठाण्यात एक तरुण बाई होती, फौजदार. केस घट्ट बांधलेले, टेबलावर चहा गार होत असलेला. तिनं हितेंद्रचं सगळं ऐकून घेतलं आणि मग पेन खाली ठेवलं.

"गुरुवारी सकाळी गेलेला मुलगा. आज शनिवार. आणि तुम्ही आज येताय?"

"चोवीस तास..."

"हे कोणत्या शहाण्यानं सांगितलं तुम्हाला? मूल हरवलं की त्याच मिनिटाला कळवायचं. जो सांभाळतो त्याची जबाबदारी असते ती. चोवीस तासांत मूल मुंबईच्या पुढं जातं, कळतंय का? उद्या काही बरंवाईट झालं तर मी पहिल्यांदा तुमच्याकडंच बघेन." तिनं कागद ओढला. "अपहरणाचा गुन्हा नोंदवते."

सुनंदाबाई ताडकन म्हणाली, "अपहरन? कोनी नेलं नाही वं त्याले. तो आपल्या पायानं गेला."

"आजी, अठरा वर्षांच्या आतलं मूल हरवलं की तसाच गुन्हा लागतो. अज्ञाताविरुद्ध."

"म्हनजे कोनाच्या विरुद्ध?"

"कोणाच्या ते माहीत नाही म्हणून अज्ञात."

"न उद्या अज्ञात म्हनून माझ्या पोरालेच धरलं तं?"

फौजदारबाई हसली नाही. "तेव्हाचं तेव्हा. नाव सांगा. लोकेश लीलाधर... वडील?"

"वारले."

"आई?"

"नाही," सुनंदाबाई म्हणाली.

"त्याही वारल्या?"

पंखा फिरत होता. हितेंद्र चपलेकडं पाहत होता.

"आजी, आई वारल्या का?"

"जिवंत हाये."

"मग नाही कशी?"

सुनंदाबाईला हे समजावून सांगायचं होतं. असोद्यात हे कोणाला समजावावं लागत नसे. नाही म्हणजे नाही, त्या बाईचं नाव या घरात घेत नाहीत, एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. पण या टेबलापुढं ते वाक्य उभंच राहीना. "तिनं दुसरं घर केलं," ती शेवटी म्हणाली. "पारोळ्याले."

"मग मुलाच्या आईला विचारलं तुम्ही? मुलगा तिथं गेलाय का म्हणून?"

हितेंद्रनं आईकडं पाहिलं.

"विचारलं नाही?" फौजदारबाई आता खुर्चीत पुढं सरकली. "दोन दिवस तुम्ही सोनगीरचा किल्ला शोधताय आणि पोराच्या आईला एक फोन नाही?"

"मनात आलं होतं," हितेंद्र पुटपुटला. "पण..."

"पण काय?" हे सुनंदाबाईनं विचारलं.

"तिथं पाय ठेवशील तर या घरात ठेवू नको, असं तूच म्हणाली होतीस ना. त्यांचा नंबरसुद्धा कोणाकडं ठेवू दिला नाही तू."

"मी म्हनते बरंच काही!" सुनंदाबाई ओरडली. "सारंच ऐकता का तुम्ही? औषध घे म्हनते ते ऐकत नाही, हळू गाडी चालव म्हनते ते ऐकत नाही, हेच बरं ऐकलं!"

फौजदारबाईनं हात वर करून दोघांना गप्प केलं आणि फोन उचलला. ती पारोळ्याच्या ठाण्याशी बोलत होती. नाव सांगितलं, वय सांगितलं, बाहेर आलेले कान सांगितले. मग ऐकू लागली. हं, हं, म्हणत राहिली. सुनंदाबाई त्या हं-मधून काही निघतं का ते बघत होती. काहीच निघत नव्हतं.

फोन ठेवून ती म्हणाली, "आहे. आईकडे आहे. व्यवस्थित आहे."

हितेंद्रनं टेबलावर डोकं टेकलं. सुनंदाबाई मात्र तशीच बसून राहिली. सापडला की सुटलो, असं तिनं धरलं होतं. पण सुटल्यासारखं वाटेना.

"काल सकाळीच त्या बाईंनी पारोळ्याच्या ठाण्यात जाऊन कळवलंय," फौजदारबाई सांगू लागली. "मुलगा एकटा बसनं आला, त्याचं घर धुळ्याला आहे, नोंद करून घ्या म्हणून. मुलगा कोणाचा नंबर सांगत नव्हता. तिथल्या साहेबांनी विचार केला, धुळ्याहून हरवल्याची तक्रार आली की जुळवून टाकू. कालपासून ते तक्रारीची वाट बघतायत."

"न आली नाही," सुनंदाबाई म्हणाली.

"नाही आली."

पुढचं तिनं अर्धवटच ऐकलं. सोमवारी मुलाला जळगावला बालकल्याण समितीपुढं न्यायचं. त्यानं कोणाकडं राहायचं ते तिथं ठरेल, मुलालाही विचारतील. तोवर तो आईकडं.

"माझा नातू न ते कोन ठरवनार?" तिनं विचारलं, पण त्यात नेहमीचा दम नव्हता.

"आजी, कायद्यानं तो आधी आईचा आहे."

हे वाक्य तिला कळलं आणि कळलंही नाही.

पारोळ्याला पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बाजारामागं छगनचं, प्रमिलाच्या दुसऱ्या नवऱ्याचं, गॅरेज, गॅरेजला लागून घर. दारात ट्रॅक्टरचं एक चाक टेकून ठेवलेलं. छगन ग्रीसच्या हातांनीच बाहेर आला. सुनंदाबाईनं त्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिच्या बोलण्यात मात्र तो कितीतरी वेळा येऊन गेला होता, आणि दरवेळी याहून धिप्पाड, काळा आणि दारुडा होता. हा तर बारकासा, चष्मेवाला माणूस निघाला.

"या अक्का, या," तो म्हणाला. "काय घाबरू नका, पोऱ्या घरमा शे. बठ्ठं बरं शे." आणि हात पुसत खाट ओढू लागला.

सुनंदाबाई बसली नाही. आतून प्रमिला आली. सात वर्षांत ती जाड झाली होती, कपाळावर दुसऱ्या कुंकवाची टिकली होती. सासूला बघून तिनं वाकून नमस्कार केला आणि बाजूला उभी राहिली.

"बोला आई," ती म्हणाली. "मी ऐकून घेते. किती वर्षांचं असेल ते सगळं बोला. पण आधी पाणी घ्या."

"पानी बिनी नको. मले का नाही कळवलं?"

"उचलला असता तुम्ही माझा फोन?"

छगन एक पान्हा उचलून उगाच दुसरीकडं ठेवू लागला.

"हा गुरुवारी दुपारी स्टँडवरून विचारत विचारत आला," प्रमिला सांगू लागली. "मी कोण ते आधी ओळखलंच नाही त्यानं, छगनला विचारत होता, इथं प्रमिला राहते का. मला तर काय करू सुचेना. आनंदानं रडू की भीतीनं. ठेवून घेतला तर म्हणतील पळवून आणला. परत पाठवला तर... छगन म्हणाला, उद्या सकाळी उघडल्या उघडल्या आधी ठाण्यात जाऊन सांगायचं, मग काय ते. म्हणून गेलो."

"असोद्याले मानूस धाडला असता."

"धाडणार होते." प्रमिलानं पदर बोटाला गुंडाळला. "पण मग मनात आलं, बघू तरी. कोणी शोधतं का याला. म्हटलं, आज दुपारी विचारतील, संध्याकाळी विचारतील. काल रात्री जेवताना तो स्वतःच म्हणाला, बघ, मी सांगत होतो ना, कोणी येणार नाही."

हितेंद्र मागं उभा होता. "वहिनी, मी दोन दिवस गाडीवर..." तो म्हणू लागला. पोरगं सोनगीरच्या किल्ल्यावर नव्हतं, इथं बसून वाट बघत होतं, हे त्याच्याही लक्षात आलं असावं.

सुनंदाबाईनं बसमध्ये बरंच बोलणं जमवलं होतं. धुळ्याला जाताना चारुलतासाठी आणि पारोळ्याला येताना प्रमिलासाठी. दोन्ही कुठं सांडलं कोणास ठाऊक. रागवायचं तर कोणावर? चारुलता खोटं बोलली ती भिऊन. हितेंद्र गप्प बसला तो भिऊन. प्रमिलानं आधी कळवलं, जे करायचं ते तिनंच केलं, आणि मग तीही गप्प बसली. सगळे एकाच बाईला भ्यायले होते. आणि ती बाई अजून उभीच होती, खाटेशेजारी, पिशवी काखेत घेऊन.

दाराच्या पडद्याआडून एक कान दिसला.

"लोकेश," ती म्हणाली.

तो बाहेर आला. अंगात छगनचा जुना शर्ट, गुडघ्यापर्यंत. चार पावलं लांबच थांबला. नेहमी तो पळत येऊन पोटाला डोकं मारायचा.

"आजी, तू रागावली?"

"हाव," ती म्हणाली. "काकावर रागावली. काकूवर. तुझ्या मायवर. शाळेवर. तुले बसमध्ये बसवनाऱ्या कंडक्टरवर."

"माझ्यावर?"

"कायले आला इथी?"

लोकेशनं आईकडं पाहिलं, मग पायाकडं. "पंधरा ऑगस्टला सगळ्यांच्या मम्म्या येणार आहेत," तो म्हणाला. "मी सांगायला आलो होतो."

छगननं हातातला पान्हा खाली ठेवला.

"मग मला परत जाता येईना," तो पुढं म्हणाला. "काका मारेल वाटलं. आता मी कुठं जाऊ? पोलीसकाका म्हणाले, सोमवारी मला विचारणार आहेत. काय सांगू?"

असोद्याला, हा शब्द सुनंदाबाईच्या जिभेवर होता. बागेतल्या केळीइतका ओळखीचा शब्द. त्या जिभेनं कितीतरी माणसांना त्यांची जागा दाखवली होती. तिनं पोराच्या कानांकडं पाहिलं, मग प्रमिलाकडं. प्रमिला तिच्याचकडं पाहत होती. मार खायची तयारी ठेवून पाहावं तसं, पण नजर खाली न घालता.

"मले नाही माहीत," सुनंदाबाई म्हणाली.

हितेंद्रनं मान वर केली. आईच्या तोंडून हे तीन शब्द त्यानं कधी ऐकले नव्हते. लोकेशलाही ते नवीन असावेत, कारण तो आणखी एक पाऊल पुढं आला, जवळून नीट बघायला.

ती खाटेवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. गॅरेजमध्ये कोणीतरी लोखंडावर ठोकत होतं, ते थांबलं.

"वं प्रमिला," ती म्हणाली, "उभी काय राह्यली? पानी आन. न याचे कपडे कुठी हायेत? असा बुजगावन्यासारखा काय फिरवू राह्यली पोराले?"

"धुऊन टाकलेत आई. वाळायचेत."

"मग वाळू दे," सुनंदाबाई म्हणाली, आणि पोराला बसायला खाटेवर जागा करून दिली.